निळ्या खडूची फुली

दुपारी मिस्त्रीकाकांनी मला खडू आणायला पाठवलं होतं. दुकानातला पांढरा खडू संपला होता, म्हणून मी निळा घेऊन आलो. काकांनी पुडी उघडली, आत पाहिलं आणि तशीच मिटून माझ्या हातात परत दिली.

"उद्या बदलून आण."

"काका, खडूच तर आहे. निळा काय न् पांढरा काय."

"बदलून आण म्हटलं ना."

एवढंच. पण रात्री तो विषय निघाला. नव्या बोटीला व्हार्निशचा शेवटचा हात देऊन झाला होता. ते वाळेपर्यंत शेडची दारं उघडी ठेवायची होती, आणि दारं उघडी म्हणजे राखण आली. म्हणून मी, गोट्या आणि लंबू असे तिघं काकांबरोबर थांबलो. बाहेर मिट्ट काळोख होता. आत एकच दिवा होता आणि तोही काकांच्या डोक्यावर.

गोट्याला गप्प बसवत नाही. तो म्हणाला, "काका, निळ्या खडूनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"माझं नाही," काका म्हणाले. "एका ओळखीच्या माणसाचं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहितो.

जुन्या बोटी तपासून त्यांची हालत आणि किंमत सांगणं हा त्या माणसाचा धंदा. हातात कायम छोटी हातोडी. दिवसभर फळ्यांवर टकटक, टकटक. त्यामुळे सगळी गोदी त्याला मागून टकटक म्हणायची आणि तोंडावर साहेब. त्यालाही ते माहीत होतं. एकदा मला म्हणाला, "मिस्त्री, माझ्या बायकोनंही परवा टकटक म्हणून हाक मारली. तुमच्याकडूनच लागण झालीय."

पण माणूस चोख. त्यानं बोट चांगली म्हटली की लोक डोळे मिटून घ्यायचे.

त्याची कामाची एक पद्धत होती. तपासायच्या दिवशी बोट सकाळपासून बंद ठेवायची. खिडकीसुद्धा उघडायची नाही. दिवसभर उन्हात तापू द्यायची. अंधार पडला की तो येणार आणि स्वतःच्या हातानं दार उघडणार. तापलेली बोट गार पडायला लागली की पोटातलं सगळं बाहेर टाकते म्हणायचा. तो पहिला वास त्याला हवा असायचा. आधी नाक, मग हातोडी.

आणि हातोडीचं तुम्हाला माहीतच आहे. चांगलं लाकूड टण वाजतं. कुजलेलं थप करतं, ओल्या गादीवर मारल्यासारखं. जिथं थप, तिथं तो निळ्या खडूनं फुली काढायचा. ती फुली कुणी पुसायची नाही. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं दोघांनी मिळून पाहीपर्यंत तिला हात लावायचा नाही. कारण वरून रंग मारला की सगळ्या फळ्या सारख्याच. मग ती जागा सापडते ती भर समुद्रात, पाणी आत आल्यावर.

तर मे महिना होता. शेवटचा शनिवार, अमावास्या. टकटक जेवून उठला आणि बायकोला म्हणाला, "तासाभरात बोट बघून येतो."

"आप्पांची?" तिनं विचारलं.

हो. बोट त्याच्या सासऱ्याची होती. लाकडी मोटर यॉट, सागवानी, जुनी पण देखणी. म्हातारा बायको गेल्यावर तिच्यावरच राहायचा. आदल्या उन्हाळ्यात तोही गेला, बोटीवरच. आता मेहुणा ती विकत होता.

"भाऊनं सांगितलं होतं, आप्पा झोपेत गेले," बायको म्हणाली. "तो शेजारीच होता म्हणे. हात हातात धरून. मला पोचायला उशीर झाला, तोंडसुद्धा दिसलं नाही... जाऊ दे. बोट चांगल्या घरी पडली तर बरं."

घेणारी माणसं चांगलीच होती. शाळेत शिकवणारं तरुण जोडपं. घरभाडं परवडेना, म्हणून बोटीवरच संसार मांडायचा होता. सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं. मुलगी नुकती रांगायला लागलेली. टकटकनं तपासलेली असेल तरच घेऊ, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. तो विकणाऱ्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, हे त्यांना कुठून माहीत असणार? रविवारी सकाळी ती यायची होती.

"तिथंच चुकलं," लंबू मध्येच बोलला. "नात्यातली बोट हातात घ्यायलाच नको होती."

"ते त्यालाही कळत होतं," काका म्हणाले. "पण बायकोच्या भावाला नाही कोण म्हणणार? तुझं लग्न झालं की मग बोल."

बोट एका शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी केली होती. मेहुणा शिडीपाशी वाट बघत होता.

"या भाऊजी, या. सगळं झकपक करून ठेवलंय."

टकटक शिडी चढला. दाराला हात लावला तर दार नुसतं लोटलेलं. आतून मोगऱ्याचा भपकारा आला. खरा मोगरा नाही, डब्यातला फवारा. डोळ्यांत पाणी यावं इतका मारलेला.

"मी बंद ठेवायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"अहो, पण उद्या माणसं येणार. कुबट वास बरा वाटतो का?"

"तो कुबट वासच तर मला घ्यायचा होता ना!"

मेहुणा नुसता हसला. टकटक दारातच उभा राहिला. त्याचं नाक काय साधं होतं? हळूहळू त्याला मोगऱ्याखालचं कळायला लागलं. लाकूड कुजलं की अळंब्यांसारखा वास येतो. तो होताच. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. गोडसर. चरबट. जिभेवर बसणारं. त्यानं थुंकी गिळली तर ती चवही घशाखाली उतरली. मला म्हणाला, "मिस्त्री, मेलेली घूस गादीत शिवून वर अत्तर ओतलं असतं, तरी बरं वाटलं असतं."

आधी तो बाहेरून फिरला. तळ ठोकून बघितला, बाजू ठोकून बघितल्या. टण, टण, टण. खिळे सहीसलामत. इंजिनाची बैठक घट्ट, पितळी सामान सगळं जागच्या जागी. अशी बोट आता बांधून मिळत नाही. बाहेरून बघितलं तर चांगलीच किंमत यायला हवी होती.

मग आत. मेहुण्यानं मोबाईलचा उजेड धरला. डाव्या अंगाच्या बरगड्या, म्हणजे सांगाड्याची वाकडी लाकडं, ठीक. स्वयंपाकाचा ओटा ठीक. मग उजव्या अंगाचा झोपायचा बंक आला.

"हाच बंक त्यांनी पोरीसाठी धरलाय," मेहुणा म्हणाला. "भिंतीकडेला आहे, म्हणजे पोर पडायची भीती नाही."

टकटकनं बंकामागची फळी ठोकली.

थप.

पुन्हा ठोकली. थप. वर छताकडे थप. खाली थप. त्यानं टोचा काढून फळीला लावला. जोर द्यावाच लागला नाही. टोचा मुठीपर्यंत आत गेला, शिळ्या पावात जावा तसा. बाहेर काढला तर त्यावर करडा, ओला लगदा, आणि लगद्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. वर छताचा सांधा फुटलेला. पावसाचं पाणी कितीतरी दिवस त्या भिंतीत मुरलेलं. समुद्राचं खारं पाणी लाकूड टिकवतं, पावसाचं खाऊन टाकतं. दोन बरगड्यांची टोकं बोटांनी चुरली जात होती. अशी बोट एका वाऱ्याला टिकली नसती. ती भिंत बंकासकट उघडली असती.

त्यानं फळीवर फुली काढली.

"छत गळतंय हे माहीत नव्हतं?"

"आप्पा म्हणायचे अधूनमधून," मेहुणा म्हणाला. "अंगावर पाणी पडतं म्हणून. म्हाताऱ्या माणसांचं कुरकुरणं असतंच की हो."

टकटकनं बंकावरची गादी उचलली. कोरी गादी, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. खाली फळीला पांढरा रंग. एक हात नाही, चार-पाच हात दिलेले. आणि त्या रंगातून डाग वर आला होता. पिवळा. कडेला तपकिरी. रंगाखालून तेल फुटावं तसा चकाकणारा. एका टोकाला गोल. मग खांदे. मग लांबच लांब...

त्याचा अंगठा त्या डागावर टेकला होता. अंगठा चिकटला.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

मेहुण्यानं मोबाईल दुसऱ्या हातात घेतला.

"किती दिवस पडून होते आप्पा?"

"मी बाहेरगावी गेलो होतो... जास्त नाही हो, पाच-सहा दिवस... उन्हाळा होता ना, म्हणून जरा..."

"आणि तू तिला सांगितलंस, हात हातात होता."

"मग काय सांगायचं होतं?" मेहुण्याचा आवाज चढला. "शेजारच्या बोटवाल्यांनी वासावरून फोन केला, हे सांगायचं? भाऊजी, ती फुली तिथं राहिली की उद्या ते विचारणार, हे असं कशानं झालं. गोष्ट फुटणार. ताईपर्यंत जाणार. सांगा तुम्हीच. तुमच्या फुलीपायी तिनं हे ऐकायचं?"

टकटकनं अंगठा पँटला पुसला. मेहुण्याची किळस आली, बोटीची आली, स्वतःच्या चिकट अंगठ्याचीही आली. पण डोळ्यांसमोर बायको होती. तोंडसुद्धा दिसलं नाही, म्हणणारी.

"मी उद्याच तेवढी फळी बदलून घेतो," मेहुणा म्हणाला. "आईशप्पथ. विकल्यावर लगेच."

टकटकनं खिशातून रुमाल काढला. त्यावर थुंकला. आणि फुली पुसली.

गोट्या म्हणाला, "अरेरे."

काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही. दिव्याभोवती एक किडा फिरत होता, त्याच्याकडे बघत ते पुढे बोलू लागले.

मेहुणा खूश. "बसा भाऊजी, शेडची किल्ली रखवालदाराकडून घेऊन येतो, कुलूप लावू आणि निघू." तो शिडी उतरला. त्याची पावलं लांब गेली. मोबाईलचा उजेडही त्याच्याबरोबर गेला.

टकटकनं हातोडी पिशवीत टाकली. पिशवीचा बंद ओढला. अंधारात चाचपडत दाराकडे निघाला.

आणि पुढच्या टोकाकडून आवाज आला.

टण. टण.

टकटक थांबला.

टण. टण.

त्याला वाटलं मेहुणा. बाहेरून गंमत करतोय. "पुरे रे," तो म्हणाला.



टण. टण. आवाज बाहेरून नव्हता. आतून होता. आणि मेहुण्याला असं ठोकता येत नव्हतं. दोन ठोके. मग कान देणं. मग हातभर पुढे. मग दोन ठोके. ही त्याची स्वतःची रीत. तीस वर्षांची. दुसऱ्या कुणाची नाही.

त्यानं पिशवी चाचपली. हातोडी आत होती.

टण. टण.

आवाज ओट्यापर्यंत आला.

टण. टण.

आता वास... मोगरा कमी झाला. दुसरा वास वाढला. गोड. दाट. तो श्वासातून नाही, तोंडातूनच आत यायला लागला. त्यानं तोंड मिटलं. मग नाकातून आला.

टण.

पुढची, बंकामागची फळी. तिथं थप यायला हवं होतं. पण बंकाजवळ आवाज थांबला. काहीच नाही. फक्त गादीचं प्लास्टिक... चुरचुरलं. कुणी उठून बसावं तसं.

मग त्याच्या मागं ओलं काहीतरी जमिनीवर टेकलं. पच्. आणि दुसरं. पच्.

तो वळला नाही. मला म्हणाला, "मिस्त्री, वळलो असतो तर तोंड दिसलं असतं. तिला दिसलं नाही, ते मला दिसलं असतं."

उजव्या खांद्यावर ठोका पडला. हलका.

टण.

माणसाच्या खांद्यातून लाकडाचा आवाज. त्यानं स्वतः ऐकला.

डाव्या खांद्यावर. टण.

पाठीच्या कण्यावर. टण.

कान देणं. किती वेळ... ते त्यालाही सांगता आलं नाही. मानेवर ओलसर, गार फुंकर.

मग डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली.

थप.

पुन्हा तिथंच.

थप.

आणि मग... एक बोट. ओलं. टोकाला मऊ, जास्तच मऊ. वरून खाली तिरकं गेलं. उचललं. पुन्हा टेकलं. दुसऱ्या बाजूनं तिरकं.

...

बस्स. मग कुणी नाही.

मेहुणा किल्ली घेऊन आला तेव्हा टकटक शेडबाहेर रस्त्याच्या कडेला ओकत होता. मेहुणा म्हणाला, "रंगाचा वास चढला असेल." टकटक तसाच घरी गेला.

दार उघडताच बायकोनं पदर नाकाला लावला. "काय घाण आणलीत अंगाला? काढा आधी तो शर्ट." त्यानं काढला. शर्टावर काहीही नव्हतं. स्वच्छ. पण तिनं त्याची पाठ बघितली आणि ती थांबली.

"हे काय? फुली कुणी काढली?"

शर्टाच्या आत. कातडीवर. निळी.

तिनं ओल्या फडक्यानं पुसली. गेली नाही. साबण लावला, घासली, कातडी लाल झाली. निळं तसंच. मग त्यानं तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. छत, बंक, डाग, पाच-सहा दिवस. आपण काय पुसलं, तेही.

ती रडेल असं त्याला वाटत होतं. रडली नाही. बराच वेळ फडकं पिळत बसली. मग एवढंच म्हणाली, "सकाळी मी येते."

रविवारी ते जोडपं आलं, पोरीला कडेवर घेऊन. मेहुणा हात चोळत स्वागताला पुढे. टकटकनं तोंड उघडायच्या आत त्याची बायको शिडी चढून केबिनमध्ये गेली. सगळे मागोमाग. तिनं स्वतः ती कोरी गादी ओढून खाली टाकली.

"ताई, अगं काय करतेस..." मेहुणा म्हणाला.

"गप बस." मग नवऱ्याकडे हात केला. "खडू द्या."

त्यानं दिला. तिनं बंकामागच्या फळीवर फुली काढली. मोठी. इतकी दाबून की खडू फळीत रुतला आणि ओला लगदा तिच्या हातावर आला. तिनं तो पुसला नाही. त्या पोरीच्या आईकडे वळून म्हणाली, "बाई, ही बोट घेऊ नका. ही भिंत कुजली आहे. इथं माझे वडील गेले आणि कुणाला पत्ता नव्हता. मलासुद्धा."

ती बाई पोरीला छातीशी धरून जी उतरली, ती मागं वळली नाही. तिचा नवरा मात्र खाली थांबला. टकटकला नमस्कार करून गेला.

बोट तोडायला मला बोलावलं होतं. म्हणून हे सगळं मला माहीत.

"आणि पाठीवरची फुली?" मी काकांना विचारलं.

"त्याच संध्याकाळी अंघोळीत गेली. साध्या पाण्यानं."

"मग झालं की," गोट्या म्हणाला. सुटल्यासारखा हसलासुद्धा. "गोड शेवट. काका, तुम्ही उगाच पुडी बदलायला लावता. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट ती."

काकांनी दिव्याजवळचा किडा हातानं झटकला.

"त्याला पुढे खोकला झाला," ते म्हणाले. "डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर पाठीवर बोटं ठेवून ठोकतात ना, तसं ठोकलं. डाव्या फऱ्याखाली आले आणि थांबले. पुन्हा ठोकलं. म्हणाले, इथं काय आहे? फोटो काढले. फोटोत काही नाही. सगळं स्वच्छ. आजही तो धडधाकट आहे, माझ्यापेक्षा जास्त जेवतो."

"मग?"

"मागच्या वर्षी भेटायला गेलो होतो. बायको आत होती. तो शर्ट काढून माझ्याकडे पाठ करून बसला. म्हणाला, मिस्त्री, तुला लाकूड कळतं. एकदा ठोकून सांग. मी नको म्हटलं. त्यानं हात जोडले. मग मी बोटाच्या पेरानं ठोकलं. कातडी साफ होती बरं का. डाग नाही, व्रण नाही. उजवा खांदा... टण. डावा... टण. कणा... टण."

काका थांबले.

"मग खाली."



काकांनी उजवा हात दिव्याखाली धरला. ज्यानं ठोकलं होतं त्या मधल्या बोटाच्या पेरावर, कातडीच्या घडीत, निळं होतं. ते आम्ही रोज बघतो. रंगाच्या कामातला डाग असेल असं वाटायचं. पण आमच्या यार्डात निळा रंग कधी येत नाही. निळा खडूही नाही. मीच आज पहिल्यांदा आणला होता.

ते पेर ओलं होतं.

काकांनी हात हळूच आमच्या बाजूला पुढे केला.

"घ्या वास," ते म्हणाले.

कुणीच पुढे झुकलं नाही. झुकायची गरजही नव्हती. शेडभर ताज्या व्हार्निशचा वास होता, आणि त्याच्याखालून कुठूनतरी मोगरा यायला लागला होता.